न आलेले जखमी

रुग्णालयाच्या ज्या दारावर ‘अपघात विभाग’ अशी पाटी असते, त्याला लोकांच्या तोंडी ‘कॅज्युअल्टी’ हेच नाव रुळले आहे. बाह्यरुग्ण विभागाला वेळापत्रक असते. या दाराला नसते. मोटारसायकलवरून घसरलेला तरुण, झाडावरून पडलेला गडी, उकळते पाणी अंगावर सांडलेले मूल, न्हाणीत पाय घसरलेली आजी, लोकलच्या दारातून खाली आलेला प्रवासी आणि ‘जिन्यावरून पडले’ एवढेच सांगून नजर खाली वळवणारी स्त्री, अशी नाना तऱ्हेची माणसे रात्री-अपरात्री या दाराने आत येतात. एखाद्या समाजाचे खरे रूप जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याची प्रार्थनास्थळे, वाचनालये आणि बाजारपेठा जरूर पाहाव्यात. परंतु एक रात्र या दारापाशी उभे राहूनही पाहावे. माणसे कोठे व कशी दुखावली जातात, त्यांना कोण उचलून आणतो आणि कोण टाकून निघून जातो, याचा हिशेब तेथे उघडा पडलेला असतो.

करोनाच्या महासाथीत, २०२० च्या मार्च महिन्यानंतर, हे दार देशोदेशी एकाएकी शांत झाले. रुग्णालयाच्या इतर भागांत श्वासासाठी धडपडणाऱ्यांची गर्दी उसळली असताना येथील वर्दळ मात्र ओसरली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत तेथील तातडीच्या विभागांत आलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या मानाने ४२ टक्क्यांनी घटली. आठवड्याला सरासरी २१ लाख माणसे येत असत, ती १२ लाखांवर आली. आणि सर्वांत मोठी घट चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत दिसली. या संख्येत जखमींप्रमाणे इतर रुग्णही आहेत. केवळ अपघातांचा विचार करावयाचा, तर आपल्याकडील आकडे पाहावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार देशात २०१९ साली ४,४९,००२ रस्ते अपघात झाले होते, २०२० साली ३,६६,१३८ झाले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०१९ साली २,६९१ माणसे दगावली होती. २०२० साली हा आकडा १,११६ वर उतरला.

त्या दिवसांत अनेक जण समाधानाने म्हणत, ‘एवढ्या मोठ्या संकटातही ही एक गोष्ट तरी बरी झाली.’ हे समाधान कितपत खरे होते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. तो वरवर पाहता वैद्यकीय किंवा सांख्यिकीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास तो नीतीचा असल्याचे ध्यानात येते. अपघात विभागातील रिकामी खाट नेमकी कशाची साक्ष देते?

या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. एक असे, की त्या जखमा घडल्याच नाहीत. दुसरे असे, की त्या घडल्या, परंतु दारापर्यंत पोहोचल्या नाहीत. खाट दोन्ही वेळी सारखीच रिकामी दिसते आणि नोंदवहीतील आकडाही सारखाच उतरतो. पण पहिल्या उत्तरात एक माणूस रात्री सुखरूप घरी गेलेला असतो. दुसऱ्यात तो अंधारात कण्हत पडलेला असतो. या दोहोंची सरमिसळ करणे म्हणजे शांतता आणि मौन यांना एकच मानणे होय.

प्रथम घडल्याच नाहीत अशा जखमांचा विचार करू. वसई-विरारच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला लोकलच्या गर्दीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. विरार गाडीच्या दारात एका पायावर उभे राहणे हा येथील तीन पिढ्यांच्या उपजीविकेचा भाग झालेला आहे. त्या प्रवासातून कोणी परत आला नाही, की आपण ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हणतो. शोकाच्या क्षणी असे म्हणण्यात माणुसकी आहे, सांत्वन आहे. त्याला आमचा आक्षेप नाही. परंतु २०१९ सालच्या आकड्याला वर्षाच्या दिवसांनी भागले, तर दिवसाला सात माणसे होतात. जी गोष्ट दररोज सात वेळा घडते, तिला आकस्मिक कसे म्हणावे? आणि २०२० साली गाड्या मार्चअखेर थांबल्या, जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या सुरू झाल्या, तेव्हा एका वर्षात दीड हजारांहून अधिक माणसांची ‘वेळ’ भरायची राहिली! हा दैवाचा खेळ नव्हता. गर्दी घटली, म्हणून मृत्यू घटले.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय गाड्या बंदच ठेवायच्या?’ तसे आम्ही सुचवीत नाही. गाड्या बंद असताना किती घरांच्या चुली विझल्या, हे धर्मग्रामात काम करणाऱ्यांनी जवळून पाहिलेले आहे. शिधावाटपाच्या रांगेत त्या काळी ज्या माणसांना उभे राहावे लागले, त्यांच्या दृष्टीने थांबलेली लोकल ही सुरक्षितता नव्हती, ती उपासमार होती. मुद्दा गाड्या थांबवण्याचा नसून ज्ञानाचा आहे. ज्या गोष्टीला आपण अटळ मानत होतो, ती अटळ नाही, हे महासाथीने सर्वांच्या देखत सिद्ध केले. एकदा हे कळल्यावर आपण पूर्वीइतके निर्दोष राहू शकत नाही. नीतिशास्त्रात अज्ञान हे कधी कधी दोष हलका करते. ज्ञान तो कधीच हलका करीत नाही.

आणि तरीही काय घडले? २०२३ साली मुंबईच्या रेल्वेमार्गांवरील मृत्यूंचा आकडा पुन्हा अडीच हजारांच्या पुढे गेला. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, प्रवाशांना गुरांप्रमाणे कोंबून नेले जाते याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दाराला लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील चौघे त्याच दिवशी दगावले. आपण ‘सारे पूर्वपदावर आले’ असे म्हटले, त्या पूर्वपदात हे मृत्यूही होते. ते आपणांस हवे आहेत काय, असे कोणी कोणाला विचारले नाही. कोणी नकोही म्हटले नाही.

येथे एक सावधगिरीची नोंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. गर्दी ओसरली म्हणजे सुरक्षितता आपोआप येते, असेही नाही. आपल्या देशात २०२० साली रस्त्यांवरील अपघात घटले, परंतु दर शंभर अपघातांमागे मृत्यूंचे प्रमाण २०१९ सालच्या सुमारे ३४ वरून ३६ वर गेले. अमेरिकेत तर लोकांचा मोटारप्रवास लक्षणीय घटूनही रस्त्यांवरील मृत्यू सुमारे ३६ हजारांवरून ३९ हजारांच्या आसपास वाढले. मोकळ्या रस्त्याने अनेकांच्या मनातील संयमही मोकळा केला आणि गाड्यांचे वेग वाढले. म्हणजे व्यवस्था आणि वर्तन या दोहोंपैकी एकावरच सारा भार टाकून चालत नाही. रस्ता नीट असावा आणि चालवणाराही शहाणा असावा.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ज्या जखमा घडल्या पण आल्या नाहीत, त्यांची गणती करणे स्वभावतःच कठीण आहे. तथापि त्यांच्या पाऊलखुणा दिसतात. अमेरिकेतील त्याच केंद्राने २०१९ व २०२० या वर्षांतील बालछळाच्या व बालकांच्या हेळसांडीच्या प्रकरणांचा अभ्यास केला. महासाथीच्या काळात अशी मुले तातडीच्या विभागात कमी आली. परंतु आलेल्यांपैकी ज्यांना रुग्णालयात दाखल करून घ्यावे लागले, त्यांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ कोणीही विचारी मनुष्य लावू शकेल. ज्याच्या गालावर वळ उमटला ते मूल घरीच राहिले. ज्याचे हाड मोडले तेच दारापर्यंत आले. आईबापांचे हात त्या वर्षी अचानक मायाळू झाले नव्हते. वळ पाहणारे डोळे तेवढे नाहीसे झाले होते, कारण शाळा बंद होत्या.

काही जखमा तर उशिरा आल्या. त्याच देशात २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आत्महत्येचा प्रयत्न केल्याच्या संशयाने तातडीच्या विभागात आणल्या गेलेल्या बारा ते सतरा वर्षांच्या मुलींची संख्या २०१९ सालच्या त्याच काळापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक होती. वर्षभर कोंडलेले दुःख त्या दिवसांत दाराशी येऊन उभे राहिले.

आपल्या घरांकडे पाहिले तर काय दिसते? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. उरलेल्यांपैकी बहुतेकींनी कोणाला सांगितलेसुद्धा नाही. हे मौन टाळेबंदीने निर्माण केलेले नव्हते, ते जुनेच आहे. टाळेबंदीने त्या मौनाला बाहेरून कडी लावली. एरवी अशी स्त्री विहिरीवर जाते, बाजारात जाते, माहेरी दोन दिवस राहून येते, रविवारी चर्चच्या आवारात चार जणींत उभी राहते. तिने पदर कितीही पुढे ओढला, तरी एखाद्या मैत्रिणीला कपाळावरची सूज दिसते. ती मैत्रीण काही बोलतेच असे नाही. पण तिने पाहिले आहे, हे मारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि त्याचा थोडा तरी धाक असतो. टाळेबंदीत विहीर, बाजार, माहेर आणि चर्च ही चारही दारे एकाच दिवशी बंद झाली. ‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हा संदेश रोगाच्या दृष्टीने योग्य होता. परंतु ज्या घरात रोगापेक्षा माणसाचेच भय अधिक, त्या घरातील स्त्रीने तो कसा ऐकला असेल?

मुंबईत महानगरपालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ते उभारले. अत्याचार सोसणारी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, परंतु जखम घेऊन रुग्णालयात मात्र येते. तेव्हा तेथील डॉक्टर व परिचारिका यांनी तिला योग्य रीतीने विचारावे, हे त्यामागील सूत्र आहे. ‘कशी पडलात?’ हा प्रश्न टाके घालताना विचारला जाऊ शकतो. पण त्यासाठी ती टाके घालून घेण्यास यावी तरी लागते. संसर्गाच्या भीतीने जी आलीच नाही, तिला हा प्रश्न कोणी विचारावा? मनगट मोडलेल्या कित्येक वृद्धांनीही त्या काळात घरीच फडके बांधले किंवा हाडवैद्याकडून पट्टी लावून घेतली. रुग्णालय हे रोगाचेच घर झाल्याची भीती मनात बसली होती. ते हाड वाकडे जुळले, आणि ते दुखणे आता जन्मभराचे सोबती झाले.

यांखेरीज तिसराही एक प्रकार आहे. काही जखमा टाळेबंदीनेच निर्माण केल्या. २४ मार्च २०२० च्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेने सारा देश थांबला आणि लक्षावधी मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, थकून रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. त्यांना कोणत्याही अपघात विभागाच्या दारापर्यंत जाण्याचा अवसरच मिळाला नाही.

मग टाळेबंदी अनीतीची होती काय? असा निवाडा झटपट करू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा करताना असे दाखवून दिले, की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात. एक हेतूपूर्वक साधलेला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पुढील नीतिशास्त्रज्ञांनी याच विचारातून ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व विकसित केले. चांगल्या हेतूने केलेल्या कृतीतून अनिष्ट परिणाम घडणार असे दिसत असले, तरी काही अटींवर ती कृती योग्य ठरू शकते. मात्र या तत्त्वाचा आधार घेणारे पुष्कळदा त्यातील प्रमाणाची अट विसरतात. ज्या संकटातून वाचायचे त्याच्याशी आपण योजलेला उपाय प्रमाणशीर असला पाहिजे. आणि जो अनिष्ट परिणाम आधीच दिसत आहे, तो कमी करण्यासाठी शक्य ते सारे केले पाहिजे. ‘आमचा हेतू चांगला होता’ एवढे म्हटल्याने हे दुसरे कर्तव्य फिटत नाही. साथ रोखण्यासाठी दारे बंद करणे क्षम्य असेल. परंतु ज्यांना चालत जावे लागणार आणि ज्यांना मारणाऱ्यासोबतच कोंडून राहावे लागणार, त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवणे हा त्या निर्णयाचाच भाग असावयास हवा होता.

येथवर आल्यावर एक साधी गोष्ट मनात ठसते. गंभीर जखमी बहुधा स्वतः होऊन रुग्णालयात येत नाही. त्याला कोणीतरी आणतो. भल्या शोमरोनीच्या दाखल्यातील अर्धमेला मनुष्यही स्वतः चालत धर्मशाळेत गेला नाही. आपल्या देशाच्या कायद्याने हे सत्य हळूहळू मान्य केले. जखमीवर उपचार करण्यासाठी डॉक्टरांनी कायदेशीर सोपस्कारांची वाट पाहू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणी दिला. जखमीला आणणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना त्याच न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक स्वरूप दिले. आणि २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही अशा मदतकर्त्याला संरक्षण मिळाले. रस्त्यावरील जखमीला उचलणाऱ्याची वाट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. घरातील जखमीला उचलणाऱ्याची वाट मात्र अजून काट्यांची आहे.

त्या दाखल्याविषयी मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली न्यूयॉर्कमधील भाषणात एक मर्मभेदी विचार मांडला होता. रस्त्यावर पडलेल्याची सेवा करणे ही केवळ सुरुवात आहे. ज्या रस्त्यावर माणसे पुनःपुन्हा लुटली व मारली जातात, तो यरीहोचा रस्ताच बदलावयास हवा, असा त्याचा आशय होता. महासाथीने आपल्यापुढे ठेवलेली दोन कर्तव्ये यात एकत्र आलेली दिसतात. ज्या जखमा घडल्याच नाहीत, त्या आपणांस रस्ता बदलावयास सांगतात. ज्या घडल्या पण आल्या नाहीत, त्या आपणांस थांबून वाकावयास सांगतात.

‘दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवावे?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो अगदीच गैर नाही. वाडीवस्तीत कुतूहलाने अनेक संसार पोळलेले आहेत. परंतु कुतूहल आणि काळजी यांतील भेद ओळखणे कठीण नाही. कुतूहल ऐकून दुसऱ्या घरी सांगावयास जाते. काळजी ऐकून तेथेच थांबते आणि ‘मी तुझ्यासाठी काय करू?’ असे विचारते. आणखी एक सवय आपण मोडली पाहिजे. मार खाऊन आलेल्या स्त्रीला ‘सहन कर, तोच तुझा क्रूस’ असे सांगण्याची रीत श्रद्धाळू घरांत अद्याप आहे. प्रभूने आपला क्रूस स्वतः स्वीकारला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या प्रबोधनपत्रात स्पष्ट म्हटले आहे, की हिंसा व छळ यांपासून दुबळ्या जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी विभक्त होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. विवाहाच्या पावित्र्याचा कैवार घेणाऱ्या प्रत्येकाने हे वचन ध्यानात ठेवावे.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथी पुन्हा येतील, आणि दारे पुन्हा बंद करण्याची वेळही कदाचित येईल. त्या वेळी मुखपट्ट्या, खाटा व प्राणवायू यांची तयारी सरकार करील. आपली तयारी निराळी आहे. आपल्या वाडीत एकटी राहणारी म्हातारी कोणती, कोणत्या घरातून रात्री ओरडणे ऐकू येते, कोणते मूल शाळा बंद झाल्यावर कोणाच्याच दृष्टीस पडणार नाही, याची जाण आजच असावी लागते. दररोज एका ठराविक वेळी दूरध्वनी करणे, अंगणाच्या कुंपणापलीकडून हाक मारणे, स्त्रियांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक घरोघरी ठाऊक करून देणे, यांना फार मोठे धैर्य लागत नाही. आणि लोकलच्या दारातील मृत्यूंविषयी बोलताना ‘वेळ भरली’ म्हणण्याआधी, ती वेळ कोणी ठरवली असे आपल्या प्रतिनिधींना विचारण्यास तर नागरिकत्वापलीकडे काहीच लागत नाही.

अपघात विभागातील खाटा रिकाम्या असाव्यात, अशीच आपली प्रार्थना आहे. मात्र त्या रिकाम्या दिसल्या म्हणजे आधी आपल्या शेजारच्या दारावर थाप मारावी, आतून उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि मगच देवाचे आभार मानावेत.